धाकू खारव्याची गलबतं

मांडवीच्या धाकू खारव्याचा डावा हात गेला तो जयगडसमोर, सन चोवीसच्या हंगामात. रावजी तांडेलाच्या गलबतावर तो खलाशी होता. मंगळुरी कौलं भरून गलबत मुंबईला निघालं होतं. आभाळ स्वच्छ होतं, माणसं जेवायला बसायच्या बेतात होती, आणि एकाएकी वाऱ्याचा असा झपाटा आला की गलबत एका कुशीवर कललं. शीड तातडीनं उतरवायला हवं होतं. धाकू डोलकाठीपाशी दोराचा गुंता सोडवत होता. सुकाणूवरून रावजीची हाक आली, "सोडा!" पलीकडच्या खलाशांनी दोर सोडला आणि धाकूचा हात कप्पीत ओढला गेला. शीड उतरलं, गलबत सरळ झालं, कौलंही वाचली. हात मात्र मुंबईच्या इस्पितळात मनगटाच्या वर कापावा लागला.

आगबोटीनं तो घरी परतला तेव्हा त्याची बायको मैना बंदरावर उभी होती. सगळ्यांसमोर रडायचं नाही असं ठरवून आली होती, आणि रडली नाही. त्याचं बोचकं तिनं स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि पुढं चालू लागली. धाकू मागून मान खाली घालून आला.

त्यानंतर तो घराबाहेर पडेनासा झाला. पडवीत भिंतीकडे तोंड करून बसायचा. मांडवीतला माणूस जिथं बसेल तिथून त्याला समुद्र दिसतो. हा मुद्दाम पाठ करून बसे. रावजी तांडेलानं पुढच्या खेपेला मलबारातून तांदळाचं एक पोतं त्याच्यासाठी आणलं आणि गड्याच्या डोक्यावर देऊन पाठवलं. धाकूनं पोतं उंबऱ्याच्या आतसुद्धा घेऊ दिलं नाही. "तांडेलाला म्हणावं, हात तांदळानं भरत नाय," एवढाच निरोप त्यानं परत धाडला. तेव्हापासून रावजी समोरून आला की धाकू वाट बदलायचा, आणि धाकू दिसला की रावजीही बदलायचा. एवढ्याशा मांडवीत दोन माणसांनी अशा वाटा बदलणं काही सोपं नव्हतं, पण दोघांनी ते वर्षानुवर्षं निभावलं.

मैना सुकी मासळी विकायची. शनिवारच्या बाजारात तिची जागा ठरलेली होती. बोंबील, सोडे, सुकट, खारवलेले बांगडे अशा टोपल्या मांडून ती बसली की तिचा आवाज पार बाजाराच्या दुसऱ्या टोकापर्यंत जाई. तिनं नवऱ्याला समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, दोन दिवस अबोलाही धरला. मग एका शनिवारी सकाळी टोपली उचलताना ती सहज म्हणाली, "कावळे सुकट पळवतायत. मी गिऱ्हाईक बघू की कावळे बघू? हाकलायला कोणतरी पायजे."

"शेजारणीला सांग."

"शेजारणीला तिच्या टोपल्या हायत. कावळे हाकलायला एक हात पुरतो."

असं तोंडावर त्याच्याशी कुणी बोललं नव्हतं. धाकू तिच्याकडे बघतच राहिला आणि मग उठून काठी घेऊन तिच्यामागून चालू लागला.

बाजारात तो लोकांकडे पाठ करून बसला. ओळखीच्या बाया यायच्या, त्याच्याकडे बघून चुकचुकायच्या आणि मैनेला हळूच विचारायच्या, "आता कसां करणार गो बिचारा?" मैना मोठ्यानं सांगायची, "हात गेला, तोंड हाय. त्यालाच इचारा." मग विचारणारी बाई अर्धा शेर सुकट घेऊन निघून जायची. त्या चुकचुकण्यावर मैनेची विक्री बरी होत असे, हे तिनं पुढं स्वतःच हसत हसत सांगितलं होतं.

कावळे काही दिवसभर येत नाहीत. रिकामा बसून कंटाळलेल्या धाकूनं एका शनिवारी पांगाऱ्याच्या लाकडाचा एक तुकडा उचलला. पांगारा हलका आणि मऊ. सुरीनंही तासला जातो. पण तासायचा तर धरायचा कशानं? त्यानं तुकडा दोन्ही पायांच्या तळव्यांत दाबून धरला आणि उजव्या हातानं सुरी चालवली. पहिला तुकडा निसटून मैनेच्या सोड्यांत पडला. दुसऱ्याच्या वेळी सुरी अंगठ्यात घुसली. मैनेनं जखमेवर हळद दाबली. दुसऱ्या दिवशी धाकूनं सुरी शोधली तेव्हा ती दगडावर घासून लखलखीत केलेली त्याला सापडली.

महिनाभरात त्याच्या पायांना लाकूड धरायचं वळण पडलं. त्यानं एक गलबत कोरलं. वीतभर लांब, पण पुढची नाळ वर उचललेली, मागची बाजू भरदार, मधे बांबूच्या काडीची डोलकाठी. ते पाण्यात उलटू नये म्हणून तळाला त्यानं जाळ्याची शिशाची गोळी ठोकली आणि लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावलं. शीड तेवढं राहिलं होतं. मारुती आळीतला गंगाराम शिंपी बोंबील घ्यायला आला आणि गलबत बघून खाली उकिडवा बसला.

"हे कुणी केलं?"

धाकू लाकूड तासतच राहिला. मैनाच म्हणाली, "बसलाय तो. पायानं केलंय."

"शीड कुठाय?"

"कापड नाय," धाकू पहिल्यांदाच बोलला.

गंगारामाच्या दुकानात कातरण काय कमी! त्या शनिवारी तो गलबत घेऊन गेला आणि पुढच्या शनिवारी गाठोडंभर चिंध्या घेऊन आला. मलमल, मांजरपाट, कुठल्याशा वकिलाच्या कोटाचं अस्तर. त्या गाठोड्यातून धाकूच्या गलबतांना शिडं मिळाली. हळूहळू मैनेच्या टोपल्यांशेजारी एका गोणपाटावर गलबतांची रांग लागू लागली. गावातली माणसं पोरांसाठी म्हणून घ्यायची आणि घरी गेल्यावर हौदात स्वतःच सोडायची.

रविवारची शर्यत सुरू झाली ती एका भांडणातून. पोस्टात कारकून असलेले आप्पा हे मोठे टापटिपीचे गृहस्थ. त्यांनी नातवासाठी गलबत नेलं होतं. एका शनिवारी बाजारात त्यांची आणि गंगाराम शिंप्याची गाठ पडली आणि गंगारामानं सहज सांगितलं की आमचं गलबत विहिरीत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ जातं.

"विहिरीत?" आप्पा म्हणाले. "विहिरीत वारा कुठला? तू फुंकर मारली असशील."

"फुंकर? आप्पा, तुमचं गलबत तर हौदात गोल गोल फिरतं असं तुमचाच नातू सांगत होता!"

बघता बघता भोवती माणसं जमली. आप्पांचा चेहरा लाल झाला. मैनेनं वैतागून दोघांनाही टोपल्यांपासून मागं ढकललं. तेव्हा धाकू मान वर न करता म्हणाला, "उद्या रविवार हाय. कचेरी बंद, दुकान बंद. भरतीच्या टायमाला खाडीवर या. पाण्यात काय ते कळेल."

दुसऱ्या दिवशी भाट्याच्या खाडीच्या मुखाशी, मांडवीच्या बाजूच्या वाळूत, ते दोघे आपापलं गलबत घेऊन आले. बरोबर भांडण बघायला आलेला निम्मा बाजार होता. भरती पूर्ण भरली की तिथं वाळूच्या दांड्याच्या आत पाणी थोडा वेळ तळ्यासारखं निवांत होतं. धाकूनं गुडघाभर पाण्यात उभं राहून दोन्ही गलबतं एका फळीला टेकवली आणि फळी काढून घेतली. आप्पांचं गलबत पुढं निघालं, गंगारामाचं मागून आलं, मधेच वाऱ्यानं दिशा बदलली आणि दोन्ही एकमेकांना अडकून पलीकडच्या चिखलात रुतली. निकाल लागला नाही. म्हणून पुढच्या रविवारी परत यायचं ठरलं. आणि पुढच्या रविवारी दोनाऐवजी आठ-दहा गलबतं आली.

असं करता करता तो रिवाजच पडला. शनिवारी बाजारात आलेला माणूस भाजी घेण्याआधी धाकूला विचारू लागला, "उद्या भरती कवा?" धाकू सांगायचा, "न्याहारी करून या," नाहीतर "उन्हं कलल्यावर." भरती अंधारात असली तर त्या रविवारी शर्यत नसे. माणसं जमतात म्हटल्यावर शनिवारी ज्यांचा माल उरला तेही रविवारी खाडीवर येऊ लागले. बुरडाच्या परड्या, कुंभाराची मडकी, कातलेला सुंभ, लाखेच्या बांगड्या. एक बाई चुलीवर घावन घालायची आणि नारळाच्या रसाबरोबर वाढायची. हिवाळ्यातल्या रविवारी तर वाळूत पाय ठेवायला जागा नसे. आणि या सगळ्या गर्दीच्या मधोमध धाकू फळी धरून पाण्यात उभा असायचा, लोकांकडे तोंड करून.

रावजी तांडेलाची दृष्टी एव्हाना अधू झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. गलबत त्यानं पुतण्याच्या हवाली केलं होतं आणि तो घरी बसला होता. मात्र रविवारी तो खाडीवर यायचा. गर्दीपासून लांब, आपली होडी वाळूत ओढून ठेवलेली असे तिच्या काठावर बसायचा. त्याला गलबतं काही दिसत नसत. लोकांच्या ओरडण्यावरून तो शर्यत ऐकायचा. धाकूला तो दिसायचा. धाकू त्या बाजूला बघणं टाळायचा.

सन बत्तीसच्या थंडीतली गोष्ट. त्या रविवारी आप्पांना यायला उशीर झाला. त्यांच्या गलबताला नवं शीड होतं, त्यांच्याशिवाय शर्यत सुरू कशी करायची म्हणून सगळे थांबले. धाकू म्हणत होता, "पानी वळायला लागलं," पण कुणी ऐकेना. आप्पा धापा टाकत आले, फळी उचलली, गलबतं निघाली. आणि अर्ध्या वाटेवर गेली असतील नसतील तोच ओहोटीनं त्यांना धरलं. पलीकडच्या काठाला जायच्या ऐवजी सगळी गलबतं एका रांगेत खाडीच्या मुखाकडे, बाहेर समुद्राकडे निघाली. पोरं रडू लागली, मोठी माणसं काठानं धावू लागली. पोहणाऱ्यांनाही पुढं जायची छाती होईना, कारण मुखाशी ओहोटीचं पाणी आणि समुद्राच्या लाटा एकमेकांवर आदळून फेस उसळत होता.

तेवढ्यात एक होडी पाण्यात गेलेली लोकांनी बघितली. होडीत एकटा रावजी होता. ओरडण्यावरून काय झालं ते त्यानं ओळखलं होतं आणि कुणाला न विचारता होडी ढकलली होती. वल्ही मारायचे त्याचे हात अजून पूर्वीसारखेच होते. पण होडी चालली होती ती गलबतांच्या दिशेला नव्हे, सरळ दांड्यावर फुटणाऱ्या लाटांकडे.

"तांडेलाला दिसत नाय!" कुणीतरी ओरडलं. "फिरवा! होडी फिरवा!"

वीस जण वीस दिशांनी ओरडू लागले. रावजीनं वल्ही थांबवली. कुणाचं ऐकावं ते त्याला कळेना. होडी आडवी होऊ लागली.

धाकू पाण्यात धावला. कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. त्यानं मागं वळून काठाला दरडावलं, "गप बसा सगळे!" माणसं चपापून गप्प झाली. मग त्याची हाक खाडीवरून गेली.

"तांडेल! डावीकडं घ्या!"

होडीतल्या माणसानं मान वळवली. त्या आवाजानं त्याला कित्येक वर्षांत हाक मारली नव्हती, पण ओळखायला क्षणही लागला नाही. रावजीनं डावीकडं घेतलं.

"अजून! अजून डावी! आता थांबा, लाट येतेय! जाऊ द्या ती... मारा वल्ही!"

धाकू सांगेल तसं रावजी करत गेला. थांब म्हटलं की थांबला, मार म्हटलं की मारलं. होडी फेसातून निघून शांत पाण्यात आली.

"आता परत फिरा!" धाकू ओरडला.

"तुजी गलबतं कुठं हायत ते सांग आधी!" होडीतून आवाज आला. "हात हलवत परत येऊ काय?"

धाकूनं पाण्यावर नजर फिरवली. मग म्हणाला, "उजवीकडं, चार हातांवर! वाका! आलं हाताला?"

एकेक करून रावजीनं गलबतं उचलली. जी फार लांब गेली ती गेली. त्यांत आप्पांचं नव्या शिडाचंही होतं. होडी काठाला लागली तशी पोरांनी ती घेरली. रावजी खाली उतरून वाळूत बसला. धाकू भिजलेल्या अंगानं त्याच्यापासून थोड्या अंतरावर येऊन बसला. मैनेनं शहाणपणा करून बाकीच्यांना घावनांच्या चुलीकडे पिटाळलं.

 मग रावजी म्हणाला, "त्या दिवशी मी हाक घायीनं दिली, धाकू."

"होय. घायीनं दिलीत."

"मला ठावं हाय."

"जरा थांबला असतात तर हात वाचला असता," धाकू म्हणाला. "आणि गलबत उलटलां असतां. तेपण मला ठावं होतं. इस्पितळातच कळलां होतं."

रावजीनं आपले पांढरट डोळे त्याच्याकडे वळवले. "मग इतकी वर्सां राग कसला धरलास?"

"हात माजा होता," धाकू म्हणाला. "वाऱ्यावर राग धरून काय करू? तुमी समोर होता."

 रावजीनं चाचपडत हात पुढं केला, तो धाकूच्या तुटक्या हाताला लागला आणि तिथंच राहिला. धाकूनंही हात मागं घेतला नाही.

पुढच्या शनिवारी धाकूनं रावजीसाठी एक गलबत कोरलं. म्हाताऱ्याला अंधुक का होईना दिसावं म्हणून गंगारामाकडून लालभडक कापड आणून त्याला भलंमोठं शीड लावलं. ते इतकं मोठं झालं की वारा आला की गलबत आडवं पडायचं. दर रविवारी रावजी हरायचा आणि दर रविवारी धाकूला शिव्या घालायचा. पण शीड लहान करू द्यायला तयार नव्हता. "हरलेलां दिसतां तरी," म्हणायचा. दोघे वाळूत शेजारी शेजारी बसत. वारा कुठून येतोय ते रावजी गालावरून सांगायचा आणि पाण्यात काय चाललंय ते धाकू त्याला सांगायचा.

मलबारी तांदूळ रावजीच्या पुतण्यानं पुन्हा एकदा आणून दिला. या वेळी मैनेनं नवऱ्याला विचारलंच नाही. पोतं आत घेतलं, भात रांधला आणि रावजीलाच जेवायला बोलावलं.

नारळी पौर्णिमेनंतरच्या रविवारची शर्यत सगळ्यांत मोठी. तोवर खऱ्या गलबतांची हंगामावर जायची तयारी सुरू झालेली असायची, खलाशी गावात असायचे, माणसांना उत्साह असायचा. सन छत्तीसच्या त्या शर्यतीच्या आदल्या दिवशी मैनेनं बाजारात सांगून टाकलं, "उद्या माजं पण गलबत हाय."

धाकू खूश झाला. आपलं सगळ्यांत चांगलं गलबत त्यानं तिच्यासमोर ठेवलं. तिनं ते बाजूला सारलं. "तुज्या हातचं नको. मी माजं करीन."

तिनं केलं म्हणजे काय, तर माडाखाली पडलेली एक वाळकी पोय उचलली. नारळाचा तुरा ज्या पोयीतून बाहेर येतो ती वाळली की मुळातच होडीसारखी दिसते, दोन्ही टोकांना निमुळती, मधे खोलगट. तिच्यात मैनेनं एक काडी उभी केली, स्वतःच्या जुन्या लुगड्याचा काठ शीड म्हणून बांधला आणि वजनाला म्हणून दोन खारे बांगडे आत ठेवले. हे जहाज घेऊन ती फळीपाशी येऊन उभी राहिली तेव्हा खाडीवर हशा पिकला.

"मैने, आत मासळी कशाला?" गंगारामानं विचारलं.

"तांडेल आणि खलाशी हायत ते!" मैना म्हणाली.

फळी उचलली. कोरलेली गलबतं झोकात निघाली आणि मैनेची पोय त्यांच्यामागून डुलत डुलत. मधे वारा पडला. जड गलबतं जागच्या जागी उभी राहिली, पण पोय हलकी. जराशा झुळकेनं ती पुढं सरकायची. ती एकाला मागं टाकून गेली, मग दुसऱ्याला. काठावर आरडाओरडा सुरू झाला.

"काय झालां? कोण पुढं हाय?" रावजी धाकूचा खांदा हलवून विचारू लागला.

"मैना!" धाकूला हसू आवरत नव्हतं. "मैनेचे बांगडे चालले पुढं!"

काठ आता हातभर राहिला होता. तेवढ्यात आभाळातून एक घार खाली आली, पोयीतला एक बांगडा उचलला आणि गेली. पोय एका बाजूला झुकली, गिरकी घेऊन तिथंच फिरू लागली आणि परत सुटलेल्या वाऱ्यावर आप्पांचं गलबत तिच्या शेजारून जाऊन काठाला लागलं. इतक्या वर्षांत आप्पा पहिल्यांदाच जिंकले होते. धोतर भिजल्याचंही भान न राहता ते पाण्यात उभे राहून टाळ्या वाजवू लागले.

मैना पदर खोचून त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. "मी जिंकलंय. घारीनं खोडी काढली."

"घारीचा नियम कुठं आहे?" आप्पा म्हणाले. "मासळी तू ठेवलीस, घार येणारच!"

"मग घारीला हाकलायला कोण होतं? तुमी सगळे बघत होता!"

निकाल शेवटी धाकूवर आला, कारण फळी त्याची. सगळे त्याच्याकडे बघू लागले. रावजी पुटपुटला, "सांबाळून बोल, घरी जायचंय तुला."

धाकूनं बायकोकडे बघितलं, आप्पांकडे बघितलं आणि म्हणाला, "आप्पा जिंकले."

मैना त्याच्याशी घरी जाईपर्यंत एक अक्षर बोलली नाही. तो मागून चालला होता आणि रावजी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याच्या मागून. घराशी पोचल्यावर तिनं चूल पेटवली, उरलेला बांगडा धुऊन निखाऱ्यावर भाजला, त्याचे दोन तुकडे केले आणि दोघांच्या पानांत एकेक टाकला.

"तुला?" धाकूनं विचारलं.

"मला नको," मैना म्हणाली. "हरलेला खलाशी मी खात नाय." आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं. ती पाटावर बसून इतकी हसली की चुलीवरचा भात तळाला लागला तरी तिला कळलं नाही.